नीलच्या निळाईत डुबकी!

अंदमानच्या पॅकेज टूरमध्ये नीलच्या वाट्याला येतात जेमतेम तीन-चार तास. पण या चिमुकल्या बेटाला चार दिवस द्या, पाण्याखाली उतरा. मासे तर दिसतीलच, शिवाय ‘नाही’ कसं म्हणायचं तेही कळेल!

पहिल्यांदा समुद्राखाली गेलो तेव्हा सहाव्या मिनिटाला माझी हकालपट्टी झाली. चूक माझीच. समोरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका आला आणि मी खूश होऊन इन्स्ट्रक्टरला अंगठा दाखवला. ‘बॉस, झकास!’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण स्कूबाच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ एकच... ‘मला वर न्या’. त्यानं इमानेइतबारे मला वर नेलं!

कोकण किनाऱ्यावरची ती वीकेंड ट्रिप. ब्रीफिंग दीड मिनिटात उरकलेलं, मागे रांगेत अजून पंधरा जण. परत खाली जायचा चान्स काही मिळाला नाही. फोटो मात्र मिळाला. तो सगळ्या ग्रुप्सवर फिरला, आईनं शेजारच्या काकूंना दाखवला आणि मी ऑफिसात उगाच ‘डायव्हर’ म्हणून मिरवलो.

मग जिद्दीला पेटलो. रीतसर ओपन वॉटर कोर्स केला. तीन-चार दिवसांचा कोर्स, थोडा अभ्यास, थोडी परीक्षा आणि शेवटी अठरा मीटरपर्यंत डुबकी मारायचा परवाना. पण माणसाचं कसं असतं, प्रमोशन झालं की लगेच पुढचं दिसायला लागतं. अठरा झाले, आता तीस! त्यासाठी करायचा असतो अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स. यंदा फेब्रुवारीत त्यासाठीच, ऑफिसातल्या एका मित्राला सोबत घेऊन, नील आयलंड गाठलं.

कुठंय हे नील?

अंदमानला जाऊन आलेल्या मराठी माणसाचा अल्बम डोळे मिटून सांगता येतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, लाइट अँड साउंड शो, मग हॅवलॉकचा राधानगर बीच. नीलचे फोटो असलेच तर दोन-तीन. काचेच्या तळाची बोट, खडकाचा नैसर्गिक पूल, शहाळं पिताना ग्रुप फोटो. संपलं.

पोर्ट ब्लेअरपासून (२०२४पासून श्रीविजयपुरम) समुद्रमार्गे साधारण ३७ किलोमीटरवर हे बेट. क्षेत्रफळ जेमतेम चौदा चौरस किलोमीटर. वस्ती २०११च्या जनगणनेत तीन हजारांच्या आसपास. सायकल काढली तर अख्खं बेट एका दिवसात आरामात पालथं घालता येतं. गावांची नावं थेट रामायणातून आलेली... सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सूर्योदय बघायचा तर सीतापूर, सूर्यास्त बघायचा तर लक्ष्मणपूर. मधे भाताची खाचरं, केळी, सुपारी, भाजीचे मळे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकात इथं वसवलं, त्यांनी जंगल साफ करून ही शेती उभी केली. आजही अंदमानची भाजीची टोपली म्हणून नीलचं नाव घेतात.

नावाचीही एक गोष्ट आहे. आपल्याला वाटतं, निळं पाणी म्हणून नील. छे! हे नाव जेम्स नील नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं. १८५७च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूरकडे त्यानं केलेले अत्याचार कुप्रसिद्ध आहेत. त्याच वर्षी लखनौच्या लढाईत तो मारला गेला. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ला पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकावला आणि या बेटांना ‘शहीद’ आणि ‘स्वराज’ अशी नावं सुचवली. त्याला पंचाहत्तर वर्षं झाली त्या दिवशी, ३० डिसेंबर २०१८ला, नीलचं ‘शहीद द्वीप’ झालं आणि हॅवलॉकचं ‘स्वराज द्वीप’. जेट्टीवरच्या माणसांच्या तोंडी मात्र अजून ‘नील’च आहे.

डायव्हिंगसाठी जास्त नाव हॅवलॉकचं. तिथं सेंटर्स जास्त, बोटी जास्त, गर्दीही जास्त. नीलला येतात ते निवांतपणासाठी. संध्याकाळी सहा-साडेसहाला अंधार पडतो, आठनंतर बाजारात सामसूम. मोबाइलची रेंज लहरी. पहिल्या दिवशी मित्रानं ऑफिसचा मेल बघायला सोळा वेळा फोन वर धरला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी फोन कुठे ठेवलाय तेच त्याला आठवेना!

बस स्टॉप आला, उतरा!

इथल्या डाइव्ह साइट्सना कोण नावं ठेवतं देव जाणे, पण ती भन्नाट आहेत. एकीचं नाव ‘बस स्टॉप’. दुसरी ‘मार्गारिटाज मिस्चिफ’. तिसरी ‘जंक्शन’. पीएमपीची वाट बघण्यात अर्धं आयुष्य गेलेल्या पुणेकराला समुद्रातही बस स्टॉपच नशिबी यावा, याला काय म्हणावं?

पण हा स्टॉप झकास आहे. सुरुवात इथूनच होते, कारण काम उथळ पाण्यातलं. बोटीच्या कडेवर पाठ पाण्याकडे करून बसायचं, एका हातानं मास्क आणि तोंडातला रेग्युलेटर घट्ट धरायचा आणि मागे कोलमडायचं. एक सेकंद सगळं फेसाळ पांढरं. मग शांत. ऐकू येतो तो फक्त स्वतःचा श्वास, आणि कान देऊन ऐकलंत तर एक बारीकसा कुरकुर आवाज. तो पोपटमाशांचा. हे महाशय पोपटासारख्या चोचीनं प्रवाळ कुरतडतात, त्यातलं शेवाळ पचवतात आणि बाकीचा चुरा वाळू करून मागून सोडतात. बीचवरच्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर आपण हार्ट काढून फोटो टाकतो, त्यातली बरीचशी या मंडळींच्या पोटातून आलेली असते. सॉरी, पण खरं आहे!

पाण्याखालचे नियमच वेगळे. दर दहा मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो, म्हणजे दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट, वीसवर तिप्पट. रंग एकेक करून निरोप घेतात. पहिला जातो लाल. माझी लालभडक स्विमिंग ट्रंक दहा मीटरवर चक्क मातकट दिसायला लागली. मास्कमधून सगळं जवळ आणि मोठं दिसतं, त्यामुळे वर आल्यावर प्रत्येक जण जरा मोठाच मासा सांगतो. त्यात खोटेपणा नाही, फिजिक्स आहे!

बस स्टॉपवर आम्हाला नेमो भेटला. म्हणजे क्लाउनफिश. समुद्रफुलाच्या विषारी झुबक्यात घर करून राहणारा. याचं खासगी आयुष्य म्हणजे डेली सोपच! सगळी पिल्लं नर म्हणूनच मोठी होतात. घरातली सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती मेली की तिचा नवराच मादी होऊन घराचा ताबा घेतो. सिनेमात हे दाखवलं नाही, ते का ते समजू शकतो.

पुढे वाळूत पाकट पसरलेलं होतं. आपल्याकडे बाजारात बघतो तोच खानदान, फक्त अंगावर निळे ठिपके. कपारीतून वाम तोंड उघडझाप करत होती. ती रागावलेली वाटते, पण तसं करून ती फक्त श्वास घेत असते. पन्नास मिनिटांनी वर आलो तेव्हा दोघंही येडे झालो होतो. पहिला दिवस, दोन डाइव्ह, एकदम हिट.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. फ्लाइट आणि बोटीच्या एसीनं मला सर्दी झाली होती. सेंटरवरच्या मेडिकल फॉर्ममध्ये सर्दीबद्दल, सायनसबद्दल स्पष्ट प्रश्न होता. मी बिनधास्त ‘नाही’वर खूण केली आणि सकाळी गुपचूप सर्दीची गोळी घेतली.

मार्गारिटाचा खोडकरपणा

दुसऱ्या दिवशी मार्गारिटा. मिस्चिफ म्हणजे खोडी, आणि माझी खोडी तिनं बरोबर काढली.

खाली सगळं स्वप्नवत होतं. एक भलंमोठं हेकरू खडकाआडून आमच्याकडे सिनियर मॅनेजरसारखं बघत होतं. कासव आलं, आम्हाला अजिबात भाव न देता निघून गेलं. वर यायला लागलो आणि साधारण आठ मीटरवर कपाळात कुणी ड्रिल मशीन चालू केल्यासारखी कळ आली. दोन फूट खाली गेलो, थांबली. वर आलो, परत सुरू.

झालं होतं ते असं. खाली जाताना कानावर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची, कान मोकळे होतात. नाहीच झाले तर सरळ वर यायचं, विषय संपला. गोळी घेतली की नाक उघडतं, उतरणं सोपं जातं. पण पाण्याखाली असताना गोळीचा असर ओसरला तर? कपाळाच्या पोकळीत आणि कानात अडकलेली हवा वर येताना फुगायला लागते आणि बाहेर पडायची वाट बंद. आता वर जावं तर कळ, आणि खाली थांबावं तर टाकीतली हवा संपत चाललेली. डायव्हर लोक याला ‘रिव्हर्स ब्लॉक’ म्हणतात. जाताना दार उघडं, येताना बाहेरून कडी!

इन्स्ट्रक्टर जवळ आली. तिनं माझा हात धरला आणि हळू, अगदी हळू, अर्धा-अर्धा मीटर करत मला वर आणलं. वर आल्यावर मास्क काढला तर आत रक्त. नाकातलं. मित्राचा चेहरा पांढराफटक.

‘सर्दी आहे का?’ तिनं विचारलं.

‘नाही, थोडं सायनस असेल,’ मी म्हणालो. म्हणजे खोटंच बोललो. कारण? दुसऱ्या दिवशी जंक्शन होतं.

जंक्शनवर उतरलो नाही

जंक्शन म्हणजे इथली खोलवरची साइट. करंट जोरात, मासे मोठे, घोळके मोठे. नवशिक्यांना तिथं नेत नाहीत. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सच्या पाच डाइव्हमध्ये एक खोल डाइव्ह करावीच लागते आणि आमची तिथंच ठरली होती. ती झाली तर कार्ड, नाही झाली तर नाही. पाच दिवसांची रजा बॉसच्या हातापाया पडून मिळवलेली. पैसे भरलेले. मित्र सोबत. आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून आलेलो!

सकाळी गोळी खिशात घेऊनच बोटीत चढलो. जंक्शनवर पोचलो. ब्रीफिंग सुरू झालं. आमची इन्स्ट्रक्टर रोज शेवटी एक वाक्य म्हणायची, त्या दिवशीही म्हणाली, ‘कुणीही, कधीही, कुठल्याही कारणानं डाइव्ह रद्द करू शकतं. का, ते कुणी विचारणार नाही.’

जगभरचे डायव्हर पाळतात असा हा अलिखित नियम. पहिल्या दोन दिवशी मी तो विमानातल्या सीटबेल्टच्या सूचनेसारखा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. आपल्या ऑफिसात असं कुणी म्हणतं का हो? तिथं प्रत्येक ‘नाही’ला स्पष्टीकरण लागतं, सपोर्टिंग डॉक्युमेंट लागतं, दोन मॅनेजर सीसीमध्ये लागतात. म्हणून आपण ‘हो’ म्हणतो. ताप असला तरी ‘हो’, जमणार नसलं तरी ‘हो’. ती सवय मी थेट समुद्रापर्यंत घेऊन आलो होतो.

टाकी पाठीवर, फिन्स पायात. नाक धरून हवा सोडून बघितली. उजवा कान वाजला. डावा ढिम्म. परत केलं. ढिम्म. खिशातली गोळी आठवली. आणि कपाळातली ड्रिल मशीनही आठवली, ती आठ मीटरवरची. आज पंचवीसवर जायचं होतं.

‘मी येत नाही,’ मी म्हणालो. आवाज जरा चिरकाच निघाला. ‘सर्दी आहे. पहिल्या दिवसापासून आहे.’

ती रागावली नाही. फक्त म्हणाली, ‘पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आपण कोर्स पुढे ढकलला असता.’ टाकी उतरवायला तिनं मदत केली आणि बाकीच्यांना घेऊन ती पाण्यात गेली.

बोटीवर उरलो मी आणि बोटवाले बंगाली दादा. ते पाण्यावरून नजर हटवत नव्हते. खाली डायव्हर जातील तसे वर बुडबुडे येतात, त्यावरून बोटवाल्याला कळतं आपली माणसं कुठे आहेत. ‘पाँच,’ ते म्हणाले. बुडबुड्यांच्या पाच जागा. मी गेलो असतो तर सहा. पाऊण तास मी त्या पाच जागा मोजत बसलो. एवढं लक्ष देऊन मी आजवर कुठलीच एक्सेल शीट बघितलेली नाही.

मित्र वर आला तो ओरडतच. त्याला नेपोलियन रास दिसला होता, माणसाएवढा, कपाळावर टेंगूळ असलेला! बॅराकुडांची भिंत दिसली होती! मी त्याला टाळी दिली. आणि जळलो. खोटं कशाला सांगू, बेक्कार जळलो.

दुपारी बेटावरच्या सरकारी दवाखान्यात कान दाखवला. पडदा लाल झाला होता, फाटला नव्हता. आठवडाभर पाणी बंद. डॉक्टर म्हणाले, आज खाली गेला असतात तर काय झालं असतं ते सांगत नाही, तुम्ही घाबराल. मी न सांगताच घाबरलो.

पांढरं पडलेलं बेट

उरलेल्या दिवसांत मी सायकल मारली. ओहोटीला भरतपूरच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात फिरताना जागोजागी मेलेलं प्रवाळ दिसतं. आधी वाटलं, दगडच आहेत.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ भाड्यानं राहतं, भाडं म्हणून अन्न देतं आणि रंगही देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसरा अंश जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. मग उरतो पांढरा सांगाडा. पाणी वेळेत थंड झालं तर भाडेकरू परत येतो, नाही झालं तर घरमालक उपाशी मरतो. अंदमानात २०१०च्या उन्हाळ्यात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जगभरात अशी चौथी लाट आली आहे.

पाणी तापतं ते तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. पण हात आपल्या हातात आहे ना! प्रवाळावर उभं राहू नका, त्याला धरू नका, फिन्स मारू नका. बोटभर वाढायला कित्येक प्रजातींना वर्षं लागतात. आणि शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॅगा एअरपोर्टवर तपासतात.

नीलच्या आसपास समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यावर चरायला क्वचित डुगाँग येते. समुद्रगाय! अंदमान-निकोबारचा हा राज्यप्राणी. आम्हाला दिसली नाही. कुणाला दिसलीच, तर ते बेटभर सांगत सुटतात म्हणे.

परत क्युबिकलमध्ये

सोमवारी ऑफिस. पहिल्याच मीटिंगमध्ये बॉसनं विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघत होते. जमणार नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं.

‘नाही होणार,’ मी म्हणालो. ‘पुढच्या बुधवारी होईल.’

दोन सेकंद शांतता. मग बॉस म्हणाला, ‘ओके, बुधवार.’ आणि त्यानं मला अंगठा दाखवला.

शप्पथ सांगतो, मी खुर्चीतून उठून वर निघालोच होतो!

जाताय? मग हे वाचाच...

• कधी? नोव्हेंबर ते एप्रिल बेस्ट. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, बोटींचा भरवसा नाही.

• कसं? वीर सावरकर विमानतळावर उतरा, तिथून सरकारी किंवा खासगी फेरी. डिसेंबर-जानेवारीत तिकिटं लवकर संपतात, आधीच काढा.

• पोहता येत नाही? इन्स्ट्रक्टरसोबतच्या ट्रायल डाइव्हला पोहणं येण्याची अट नसते. कोर्स करायचा तर मात्र पोहणं आणि तरंगणं आलंच पाहिजे.

• सेंटर कसं निवडाल? इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट, बोटीवर ऑक्सिजन आणि एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं, हे तीन प्रश्न विचारा. ब्रीफिंग दीड मिनिटात उरकत असतील तर सरळ निघून या.

• श्वास कधीही रोखू नका. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. श्वास घेत राहा, सोडत राहा, आणि बुडबुड्यांच्या आधी वर येऊ नका.

• विमान! शेवटची डाइव्ह आणि फ्लाइट यात किमान १८ तास ठेवा. म्हणजे बेटावरचा शेवटचा दिवस कोरडा. सायकल काढा, नारळपाणी प्या.

• मेडिकल फॉर्म खरा भरा. दमा, कान, सायनस, हार्ट, सगळं. अगदी साधी सर्दीसुद्धा!